दोसेत्सु इनसेकी

बुद्धिबळें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. जपानांत तसाच मान पावलेला पटाचा एक खेळ आहे, त्याचें नांव गो. त्या खेळांतील एका थोर आचार्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

दोसेत्सूचा जन्म १६४६ सालीं मिनो प्रांतांतील ओगाकी येथें झाला. त्या काळीं जपानचा कारभार शोगुन पाहत असे, आणि त्याच्या आश्रयानें एदो नगरांत, म्हणजे हल्लींच्या टोकियोंत, गो खेळणारीं चार घराणीं नांदत होतीं. त्यांपैकीं होनिनबो घराण्याचा प्रमुख दोसाकु हा दोसेत्सूचा गुरु. गुरुशिष्यांच्या वयांत अवघें एका वर्षाचें अंतर! गुरूची मर्जी मात्र दोतेकी या तरुण शिष्यावर बसली व तो वारस ठरला. दोसेत्सु पुढें इनोउए घराण्यांत जाऊन तेथील प्रमुख झाला. इनसेकी हें त्या गादीचें नांव.

दोतेकी १६९० सालीं ऐन एकविशींत वारला. १७०२ सालीं दोसाकु मृत्युशय्येवर पडला, तेव्हां त्याचा वारस म्हणून उरला होता तो दोचि नांवाचा बारा वर्षांचा मुलगा. दोसाकूनें त्यास दोसेत्सूच्या हवालीं केलें, आणि मेइजिन ही सर्वश्रेष्ठ पदवी व तिजबरोबरचा अधिकार आपण कधींहि मागणार नाहीं, असें वचन त्याजकडून घेतलें. मुलाचें शिक्षण दोसेत्सूनें नीट केलें. १७०५ सालीं तो स्वतः त्याच्याशीं दहा डावांची मालिका खेळला. परंतु १७०८ सालीं तोच मेइजिन झाला, आणि १७१० सालीं गोदोकोरो, म्हणजे गोचा सरकारी अधिकारीहि. वचन अर्धें पाळलें, अर्धें मोडलें. त्याला निर्दोष म्हणणें आम्हांस जमत नाहीं; पण केवळ लोभी म्हणणेंहि जमत नाहीं.

त्याचें नांव आज राहिलें आहे तें पदवीमुळें नव्हे. १७१३ सालीं त्यानें हात्सुयोरोन नांवाचा १८३ कोड्यांचा ग्रंथ रचला. तो इनोउए घराण्याच्या शिष्यांसाठीं होता व बाहेरच्यांपासून जपून ठेवला जाई. त्याचें काठिण्य समजण्यास थोडा खेळ समजावा लागेल. पटावर उभ्या-आडव्या एकोणीस एकोणीस रेघा असतात. त्या जेथें छेदतात तेथें काळे-पांढरे खडे आळीपाळीनें मांडावयाचे. खड्याला लागून असलेले सारे मोकळे बिंदु शत्रूनें व्यापले कीं तो उचलला जातो. दोन समूह एकमेकांना वेढून बसले आणि कोणासच निसटतां येईना, म्हणजे कोणाचे मोकळे बिंदु आधीं संपतात अशी शर्यत लागते. एका खेळीच्या फरकानें वीस वीस खडे प्राणास मुकतात! दुसरा प्रकार को. एकच खडा दोघांनीं आलटून पालटून उचलीत राहावा अशी जागा कधीं कधीं तयार होते. हें अनंतकाळ चालूं नये म्हणून, ज्याचा खडा गेला त्यानें तेथें लगेच उलट उचलूं नये, आधीं दुसरीकडे खेळावें, असा नियम आहे. मग तो अन्यत्र असा धाक घालतो कीं शत्रूस तिकडे धांवावेंच लागतें, आणि तेवढ्यांत परत येऊन खडा उचलतो. अशा रीतीनें कोपऱ्यांतलें भांडण साऱ्या पटावर पसरतें व कोणापाशीं किती धाक शिल्लक आहेत हें मोजीत बसावें लागतें. शर्यतीच्या पोटांतच को निघाला, तर हिशेब करणाऱ्याची कसोटी लागते. (आमच्यासारख्यांची तर दुसऱ्याच खेळीला मति गुंग होते.)

या ग्रंथांतील १२० वें कोडें जगांतील सर्वांत कठीण मानलें जातें. त्यांत डाव अर्ध्यावर आलेला असून काळ्यानें सारा डाव जिंकावयाचा आहे. युरोपांतील तीन हौशी खेळाडूंनीं त्यावर वर्षानुवर्षें खर्ची घातलीं. २०१९ सालीं काटागो नांवाच्या संगणक-कार्यक्रमालाहि हें एक कोडें मुद्दाम शिकवावें लागलें. एरव्हीं उत्तम खेळणाऱ्या त्या कार्यक्रमास त्यांतील मर्माच्या खेळ्या दिसत नव्हत्या.

दोसेत्सु १७१९ सालीं वारला. १७२१ सालीं दोचि मेइजिन झाला.