परंपरेचा वकील : एडमंड बर्क

राज्यशास्त्राच्या पुस्तकात एडमंड बर्कच्या वाट्याला जेमतेम दीड पान आले आहे. पुराणमतवादी विचारवंत, फ्रेंच राज्यक्रांतीचा कट्टर विरोधक, धर्म आणि परंपरा यांचा कैवारी, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते भागते. मीही तेवढेच पाठ केले होते. शिवाय या माणसाशी माझे पहिल्यापासून थोडे वाकडेच होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आजीला शाळेचे दार बंद होते. ते कोणी कायदा करून बंद केले नव्हते. आपल्यात मुली शिकत नाहीत, एवढे म्हटले की विषय संपे. अशा घरातल्या मुलीने परंपरेच्या वकिलावर प्रेम कसे करावे? पण एका निबंधाच्या निमित्ताने बर्कचे चरित्र वाचावे लागले आणि पुस्तकातल्या दीड पानाबाहेरचा बर्क मला भेटला.

बर्कचा जन्म १७२९ साली आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरात झाला. वडील वकील व प्रॉटेस्टंट, तर आई कॅथॉलिक. त्या काळी आयर्लंडात कॅथॉलिकांची संख्या मोठी, पण राज्य प्रॉटेस्टंटांचे. कॅथॉलिकांना मतदानाचा हक्क नव्हता, सरकारी नोकरी नव्हती, जमीनजुमल्यावरही बंधने होती. बर्क वडिलांच्या धर्मात वाढला, बहीण आईच्या. त्यात शाळा मिळाली ती क्वेकर पंथाच्या गुरुजींची. एकाच देवाकडे जाणाऱ्या तीन वाटा त्याने लहानपणीच पाहिल्या. सत्तेने दुसऱ्याच्या श्रद्धेवर हात टाकला की घरादारांचे काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदवी घेऊन तो १७५० साली लंडनला कायदा शिकायला गेला. कायद्यात मन रमले नाही; लेखणीत रमले. १७५७ साली भव्यता आणि सौंदर्य यांवरचा त्याचा ग्रंथ निघाला, नाव झाले. पण पोट नुसत्या नावावर भरत नाही. १७६५ साली तो पंतप्रधान रॉकिंगहॅम यांचा चिटणीस झाला आणि त्याच वर्षअखेर पार्लमेंटात निवडून आला. ना मोठे घराणे, ना जहागीर. आयरिश उच्चाराची चेष्टा व्हायची ती वेगळीच. तरी पुढची जवळजवळ तीस वर्षे त्याचा आवाज त्या सभागृहात घुमत राहिला.

अमेरिकेतील वसाहतींवर कर लादण्याचा प्रश्न पेटला तेव्हा बर्क वसाहतींच्या बाजूने उभा राहिला. १७७५ साली त्याने समेटाचा मार्ग सुचवला. त्याचा मुद्दा साधा होता. कर लादण्याचा कागदोपत्री अधिकार आहे की नाही, यावर वाद घालू नका. पिढ्यान् पिढ्या स्वातंत्र्याची सवय लागलेल्या लोकांवर तो चालवणे शहाणपणाचे आहे का, ते पाहा. पार्लमेंटने ऐकले नाही. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

ब्रिस्टल हा त्याचा मतदारसंघ व्यापाऱ्यांचा. आयर्लंडच्या व्यापारावरील बंधने सैल करावीत आणि कॅथॉलिकांना सवलती द्याव्यात, असे तो म्हणू लागताच मतदार बिथरले. १७८० साली लंडनमध्ये कॅथॉलिकांविरुद्ध भयंकर दंगल झाली. त्याच वर्षी ब्रिस्टलची जागा बर्कला सोडावी लागली. मतांसाठी त्याने आपले म्हणणे बदलले नाही.

आता एक प्रसंग सांगते. तो मला अभ्यासक्रमाबाहेर सापडला आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी आहे. १७८१ साली रघुनाथरावांचे वकील इंग्रजांची मदत मागायला लंडनला गेले होते. त्यांत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण होते आणि मणियार नावाचे पारशी गृहस्थ. परक्या मुलखात सोवळे सांभाळून स्वयंपाक करायचा कुठे? त्यांचे हाल बर्कला कळले. त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या स्वयंपाकासाठी व धर्माचारासाठी मोकळे करून दिले. राघोबादादांचे राजकारण बाजूला ठेवले, तरी या काचघराचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जे आचार त्याला स्वतःला परके होते, त्यांचाही त्याने मान राखला.

हाच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जच्या विरुद्ध उभा राहिला. बनारसच्या चेतसिंगाकडून केलेली वसुली, अयोध्येच्या बेगमांच्या खजिन्याची लूट अशा आरोपांवरून १७८८ साली वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला सुरू झाला. हिंदुस्थानात वेगळी नीती चालते, या सबबीची बर्कने चिरफाड केली. अक्षांश बदलला म्हणून न्याय बदलत नाही, असा त्याचा दावा होता. हिंदू आणि मुसलमान यांचे स्वतःचे जुने कायदे आहेत, संस्था आहेत; हा रानटी मुलूख नव्हे, हे त्याने आपल्याच देशबांधवांना ठणकावून सांगितले. सत्ता ही विश्वस्ताकडे सोपवलेली ठेव आहे, तिचा हिशेब द्यावाच लागतो, हे त्याच्या साऱ्या विचाराचे सूत्र. खटला सात वर्षे चालला आणि १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

दरम्यान १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. इंग्लंडमधले कितीतरी विचारी लोक आनंदले. बर्क मात्र हादरला. १७९० साली त्याने फ्रान्समधील क्रांतीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या मते राष्ट्र म्हणजे आज हयात असलेल्यांनी केलेला सौदा नव्हे. मागे होऊन गेलेले, आज असलेले आणि अजून जन्मायचे असलेले, या सर्वांची ती भागीदारी आहे. माणूस आधी घरावर, गावावर, आपल्या माणसांवर प्रेम करायला शिकतो आणि त्याच पायऱ्यांनी देशापर्यंत व मानवजातीपर्यंत पोचतो. धर्माचे काम राज्यकर्त्यांना आठवण देण्याचे, की आपल्याही वर कोणी आहे. हे सारे एका रात्रीत मोडले तर उरते ते निव्वळ बळ. शेवटी एखादा सेनापती सर्वांचा धनी होईल, असेही त्याने लिहून ठेवले होते. १७९९ साली नेपोलियनने सत्ता घेतली. ते पाहायला बर्क नव्हता. १७९४ साली एकुलता एक मुलगा गेला, तेव्हाच तो खचला होता. ९ जुलै १७९७ रोजी बीकन्सफील्डला त्याचा अंत झाला.

बर्कला उत्तरे लगेच आली. पहिल्या काही उत्तरांतले एक मेरी वुल्स्टनक्राफ्ट या बाईंचे होते. १७९१ साली टॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहून त्याला राणीचे दुःख दिसते, कैद्यांचे दिसत नाही, असे ठणकावले. आणि इथे हा लंडनचा वाद आपल्या पुण्यात येतो. पेनचे हेच पुस्तक तरुण जोतीराव फुल्यांनी वाचले आणि १८४८ साली मुलींची शाळा काढली. पुढे त्याच पुण्यात नामदार गोखल्यांनी बर्कचे ग्रंथ मोठ्या आदराने अभ्यासले.

मी कोणाच्या बाजूची? मी इथे बसून लिहिते आहे ती जोतीरावांच्या शाळेमुळे, हे विसरले तर मी कृतघ्न ठरेन. बर्कने हेस्टिंग्जच्या खटल्यात आपल्या जातिसंस्थेचेही गुण वर्णिले. त्याने ती हनुमंतरावांच्या बाजूने पाहिली. काचघराबाहेर ज्यांची सावलीही चालत नव्हती, ते त्याला भेटलेच नाहीत. ही त्याची मोठी चूक होती असे मला वाटते.

तरीही त्याला मी टाकून देऊ शकत नाही. ओव्या, वारी, दिवाळीचे आकाशकंदील, आजीने तोंडी शिकवलेल्या गोष्टी हे सगळे मला हवे आहे, आणि ते मला कोणत्याही क्रांतीने दिलेले नाही. शिवाय बर्कचे सूत्र बर्कलाच लावता येते. राष्ट्र ही पिढ्यांची भागीदारी असेल, तर भागीदारीत हिशेब आलाच. सत्ता ठेव असेल तर परंपराही ठेवच, आणि तिच्या विश्वस्तांनीही जाब दिला पाहिजे. हेस्टिंग्जकडे त्याने बेगमांचा हिशेब मागितला. मी परंपरेकडे माझ्या आजीचा मागते. तिच्या वाट्याची पाटी-पेन्सिल त्या भागीदारीत कोणाकडे राहिली, एवढेच मला विचारायचे आहे.