गायनाचार्य भास्करबुवा बखले

संगीत नाटकाचा अभ्यास करताना आपले लक्ष नाटककाराकडे व गायक-नटाकडे जाते. पदाला चाल देणारा मात्र बहुधा नजरेआड राहतो. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ या नाटकाबाबत ही उणीव विशेष जाणवते. त्या नाटकाचे संगीतकार भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे गुरू होते, आणि रचनाकार व शिक्षक या त्यांच्या दोन भूमिका एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. बालवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले व ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीची भूमिका करू लागले. इंदुरात बीनकार बंदे अलीखाँ यांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांना शिष्य करून घेतले. पुढे वयानुसार आवाज फुटला आणि रंगभूमीवरील त्यांचे स्थान संपले. बालनटाच्या आयुष्यात हा प्रसंग बहुधा अखेरचा ठरे. बुवांच्या बाबतीत तेथून खरी विद्यासाधना सुरू झाली.

त्या काळी घराण्याची विद्या घरातच राखण्याकडे उस्तादांचा कल असे. नागपूरचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात गाणे शिकण्यासाठी खाँसाहेबांच्या घरी नोकर म्हणून राहणारा सदाशिव आपल्या परिचयाचा आहे. नाटक काल्पनिक असले तरी त्यातील पेच काल्पनिक नाही. बुवांनी बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्याकडून ग्वाल्हेर घराण्याची, नत्थनखाँ यांच्याकडून आग्रा घराण्याची आणि त्यांच्या निधनानंतर अल्लादियाखाँ यांच्याकडून जयपूर घराण्याची तालीम मिळवली. एकेका घराण्यात आयुष्य वेचण्याच्या त्या काळात ही गोष्ट असामान्य होती. मधल्या काळात धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीतशिक्षकाची नोकरीही केली. पंजाबातही त्यांच्या गायनाला मोठी मान्यता मिळाली.

ही विद्या त्यांनी रंगभूमीवर कशी आणली, हे नीट पाहण्यासारखे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांत साकी, दिंडी, लावणी अशा परिचित चालींचा मोठा वाटा होता. बुवांनी ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’ (१९१६) व ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांत ख्यालाच्या बंदिशींचा साचा पदांसाठी वापरला. ‘स्वयंवर’मध्ये यमन, भीमपलास यांसारखे राग मैफलीतील भारदस्तपणासह आले. अशा चालीत आलाप-तानांना जागा असल्यामुळे गायक-नट दर प्रयोगाला पद नव्याने फुलवू शकत असे. म्हणूनच पद लांबते आणि कथानक थांबते, हा या संगीतावरील आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तरीही दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. ज्यांना दरबारी मैफलीत प्रवेश नव्हता, त्यांना नाटकाच्या तिकिटात रागसंगीत ऐकायला मिळाले. आणि रुक्मिणीची पदे गाताना बालगंधर्व गुरूकडून मिळालेली तालीमच रंगमंचावर मांडत होते.

१९११ साली बुवांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. संगीत उस्तादाच्या घरातून शाळेच्या वर्गात आणण्याच्या त्याच प्रवाहातील हे पाऊल होय. वर्गातील शिक्षणाबरोबर बुवांनी गुरुगृहीची तालीमही चालू ठेवली. ज्यांनी स्वतः दारोदार जाऊन विद्या मिळवली, त्यांनी आपले दार मात्र मोकळे ठेवले. हार्मोनियमवादक व ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे, पंजाबातून आलेले दिलीपचंद्र वेदी, आणि कोवळ्या वयात त्यांच्याकडे आलेले कृष्णराव फुलंब्रीकर हे त्यांचे शिष्य. बुवांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांच्या गायकीचा अंदाज शिष्यांच्या गाण्यावरूनच बांधावा लागतो.

८ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी बुवांचे निधन झाले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची जबाबदारी कृष्णरावांकडे आली. ‘कान्होपात्रा’ (१९३१) हे त्यांच्या संगीताने गाजलेले नाटक. पुढे ते प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार झाले, आणि भारत गायन समाजाची धुराही त्यांनीच वाहिली.