बाबासाहेबांचा कोट

चांडाळाने मेलेल्या माणसाची वस्त्रे वापरावीत, असा दंडक मनुस्मृतीच्या 10 व्या अध्यायात आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या कोटाचा अर्थ कळायचा तर हा दंडक आधी ध्यानात घ्यावा.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी पलटणीत सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी बाबासाहेबांना घरून तरट न्यावे लागे. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला बॅरिस्टर झाले. तिकडचा सूट-टाय त्यांनी मायदेशी परतल्यावरही सोडला नाही. ज्या समाजाला उतरलेले कपडे घालावे लागत, त्याचा पुत्र आपल्या मापाचा कोट घालून सभेत उभा राहू लागला.

नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिर-प्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. 25 डिसेंबरला महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच मुक्कामात त्यांनी स्त्रियांना लुगडे घोट्यापर्यंत नेसण्यास आणि जातीची ओळख सांगणारे दागिने टाकण्यास सांगितले. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घेताना मात्र त्यांनी पांढरे रेशमी धोतर व पांढरा कोट घातला होता. समोरचे लाखो लोकही पांढऱ्या वस्त्रांत आले होते. 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मोर्शीच्या माता-भगिनींनो, मुलांना कापड साधेच घ्या. पण ते स्वच्छ असावे आणि त्यांच्याच मापाने शिवलेले असावे.