प्लेगच्या लशीचे जनक वाल्डेमार हाफकिन

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपल्या मुंबईकर मंडळींना नवे नाही. कुत्रा चावला की लोक तिकडे धाव घेत. परंतु ज्या गृहस्थांचे नाव त्या संस्थेला दिले आहे ते आपल्याच धर्माचे होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे चरित्र थोडक्यात येथे देत आहे. एखादी गोष्ट खरी की खोटी हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात, याचा उत्तम धडा त्यात आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विश्वविद्यालयात त्यांनी प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. यहुद्यांवर हल्ले होत तेव्हा स्वसंरक्षणासाठी जमलेल्या तरुणांत ते होते व त्यापायी त्यांना अटकही झाली. पुढे धर्म बदलल्यास चांगली जागा मिळण्यासारखी होती. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातील साध्या जागेवर रुजू झाले आणि उरलेल्या वेळात प्रयोग करू लागले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीवरील लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांनी ही लस घेतली होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला. सॅम्युएल स्ट्रीट आणि आपले शाआर हारहमीम सिनेगॉग याच वस्तीत, हे वाचकांना सांगावयास नकोच. लोक घरेदारे टाकून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी खोली, एक कारकून व तीन-चार शिपाई मिळाले. तेवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम केले. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, मग ते उष्णतेने मारावयाचे व त्या मेलेल्या जंतूंची लस टोचावयाची, अशी ही रीत होती. मेलेल्या जंतूंपासून रोग होत नाही, पण शरीर त्या रोगाशी लढावयास शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःच्या अंगात लशीची मोठी मात्रा टोचून घेतली. ताप आला व उतरला. लस घातक नाही एवढे यावरून कळले. ती गुणकारी आहे हे अद्याप सिद्ध व्हावयाचे होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुषीने लस घेतली. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यात पुढे १२ जण आजारी पडून ६ दगावले. ज्यांनी घेतली त्यांच्यात दोघे आजारी पडले, पण मेला कोणी नाही. तरीही शंकेला जागा होती. आपण होऊन पुढे आलेले कैदी मुळात अधिक धडधाकट नसतील कशावरून?

या शंकेचे उत्तर १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळील उंधेरा गावी मिळाले. तेथे प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच. फरक काय तो लशीचा. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मेले. म्हणजे एकीकडे पाचांत दोन मृत्यू, तर दुसरीकडे चोविसांत एक. तीन मेले हेही हाफकिन यांनी लपविले नाही. लस अभेद्य कवच आहे असा त्यांचा दावा नव्हताच. मात्र हे ज्ञान फुकट मिळाले नाही. त्यासाठी घराघरांतील निम्म्या माणसांना लशीवाचून राहावे लागले, हेही आपण विसरू नये.

आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस घेतली व हाफकिन यांच्या कामासाठी माझगावचा आपला बंगला दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा सुरू झाली.

मग घाला आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले व १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. फ्रान्समधील यहुदी अधिकारी ड्रेफस यांच्यावर झालेल्या अन्यायाशी पुष्कळांनी या प्रकरणाची तुलना केली.

हाफकिन यांनी दयेची याचना केली नाही; पुरावा पुन्हा तपासा, एवढेच ते मागत राहिले. तो तपासला तेव्हा काय दिसले? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. बाटली परळहून निघालेली जुनी होती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात आधीपासून वाढत असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. आजाराची लक्षणेही सुमारे आठवड्याने दिसली. विष बाटलीत तयार असते तर ती लवकर दिसली असती. म्हणजे दोष परळचा नसून मुलकोवालमधल्या त्या घटकेचा होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून हे उघडपणे मांडले, आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास परतले खरे, पण पूर्वीचा अधिकार त्यांना पुन्हा मिळाला नाही.

उत्तरायुष्यात ते धर्माचे नियम कसोशीने पाळीत. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील येशिवांसाठी ठेवली. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्येच त्यांचे नाव दिले गेले होते. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आपल्या मुलानातवंडांना हे चरित्र अवश्य सांगावे. अमक्या औषधाने अमका बरा झाला, असे कोणी सांगितले की त्यांनी एक प्रश्न विचारावा : ज्यांनी ते औषध घेतले नाही, त्यांचे काय झाले? आणि कोणावर दोषारोप ऐकला, तर तो खरा मानण्याआधी पुरावा कोणी, कसा तपासला, हेही विचारावे. हाफकिन यांची लस पहिल्या प्रश्नाने सिद्ध झाली आणि त्यांची अब्रू दुसऱ्याने वाचली.