अंतोनी गौदी

अंतोनी गौदी इ कोर्नेत (२५ जून, इ.स. १८५२ – १० जून, इ.स. १९२६) हे स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील वास्तुविशारद होते. बार्सिलोना शहरातील साग्रादा फामिलिया हे चर्च, पार्क ग्वेल हे उद्यान तसेच कासा बात्यो व कासा मिला या इमारती त्यांच्या प्रमुख रचना होत. कातालान आधुनिकतावादी वास्तुशैलीचे ते अग्रणी मानले जातात.

प्रारंभिक जीवन

गौदी यांचा जन्म तांबटकाम करणाऱ्या कुटुंबात झाला. जन्मस्थान रेउस की जवळचे रिउदोम्स, याविषयी मतभेद आहेत. बालपणी सांधेदुखीच्या आजाराने त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. तांब्याच्या सपाट पत्र्याला वडिलांच्या हातून गोलाई येताना पाहून आपल्याला अवकाशाची जाण आली, असे ते पुढे सांगत. इ.स. १८७८ मध्ये त्यांनी बार्सिलोनाच्या वास्तुकला विद्यालयातून पदवी घेतली. विद्यार्थिदशेत त्यांनी पाडलेल्या किल्ल्याच्या जागी उभारल्या जात असलेल्या सिउतादेया उद्यानाच्या कामात जुझेप फोन्तसेरे यांना साहाय्य केले. प्लासा रेआल या चौकातील दिव्यांचे खांब ही त्यांची आरंभीची स्वतंत्र निर्मिती होय.

कारकीर्द

इ.स. १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनातील गौदी यांच्या कामामुळे उद्योगपती एउसेबी ग्वेल यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ग्वेल पुढे त्यांचे आश्रयदाते झाले. त्यांच्यासाठी गौदी यांनी पालाउ ग्वेल हा प्रासाद बांधला आणि इ.स. १९०० मध्ये शहराबाहेरील टेकडीवर निवासी वसाहतीची आखणी सुरू केली. नियोजित ६० भूखंडांपैकी फारच थोड्यांना मागणी आली व अवघी दोन घरे उभी राहिली. इ.स. १९१४ मध्ये काम थांबले. मात्र ८६ स्तंभांचा मंडप, त्याच्या छतावरील प्रशस्त चौथरा आणि चौथऱ्याच्या कडेचे नागमोडी आसन एव्हाना पूर्ण झाले होते. चौथऱ्यावर पडणारे पावसाचे पाणी स्तंभांच्या पोकळीतून खालच्या टाकीत साठावे, अशी योजना होती. आसनावर फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांची नक्षी असून त्या कामात जुझेप मारिया जुजोल यांचा मोठा वाटा आहे. ग्वेल यांच्या मृत्यूनंतर महापालिकेने ही जागा विकत घेतली व इ.स. १९२६ मध्ये ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली. येथील एका घरात गौदी इ.स. १९०६ पासून जवळपास वीस वर्षे राहिले.

कासा बात्यो (इ.स. १९०४–०६) ही जुन्या इमारतीची पुनर्रचना आहे. त्यानंतरच्या कासा मिला या इमारतीला तिच्या लाटांसारख्या दगडी दर्शनी भागामुळे लोक ‘ला पेद्रेरा’, म्हणजे दगडाची खाण, म्हणू लागले.

साग्रादा फामिलिया

या चर्चचे काम इ.स. १८८२ मध्ये फ्रान्सिस्को दे पाउला देल विलार यांच्या आराखड्यानुसार सुरू झाले. पुढील वर्षी ते गौदी यांच्याकडे आले आणि त्यांनी मूळ आराखडा आमूलाग्र बदलला. बांधकाम देणग्यांवर अवलंबून असल्याने निधीअभावी ते वारंवार रखडे. गौदी स्वतः वर्गणी मागत फिरत. इ.स. १९१४ नंतर त्यांनी अन्य कामे स्वीकारणे बंद केले. ते अविवाहित होते. वडील व भाची यांच्या निधनानंतर ते एकाकी झाले. अखेरच्या महिन्यांत त्यांचा मुक्काम चर्चच्या कार्यशाळेतच असे.

मृत्यू

७ जून, इ.स. १९२६ रोजी प्रार्थनेसाठी पायी जात असताना त्यांना ट्रामची धडक बसली. साधे, जीर्ण कपडे आणि जवळ कागदपत्रे नसल्यामुळे लोकांनी त्यांना भिकारी समजले. त्यांना गरिबांसाठीच्या सांता क्रेउ रुग्णालयात नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी ओळख पटली, परंतु तोवर उशीर झाला होता. १० जून रोजी त्यांचे निधन झाले. साग्रादा फामिलियाच्या तळघरात त्यांचे दफन करण्यात आले. त्या वेळी चर्चचा एकच घंटामनोरा पूर्ण झालेला होता.

वारसा

इ.स. १९३६ मध्ये स्पॅनिश गृहयुद्धाच्या आरंभी कार्यशाळेला लावलेल्या आगीत गौदी यांची रेखाचित्रे जळाली व प्रतिकृती फोडल्या गेल्या. वाचलेल्या तुकड्यांच्या आधारे पुढच्या पिढ्यांनी बांधकाम चालू ठेवले. इ.स. १९८४ मध्ये पार्क ग्वेल, पालाउ ग्वेल व कासा मिला यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इ.स. २००५ मध्ये साग्रादा फामिलियाचा गौदींच्या काळातील भाग व अन्य वास्तू त्यात जोडल्या गेल्या. ७ नोव्हेंबर, इ.स. २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते या चर्चचे पवित्रीकरण झाले.