विजयदुर्गाचा साहेब आणि सूर्याच्या दोन रेषा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे दाखवले जातात. पंचक्रोशीत त्यांना साहेबाचे कट्टे असे नाव आहे. हा साहेब म्हणजे सर जोसेफ नॉर्मन लॉकियर. हेलियम या मूलद्रव्याच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते इंग्लंडचे सूर्यशास्त्रज्ञ. १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच कट्ट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना त्यांना हेलियमचा शोध लागला, अशी समजूत कोकणात रुजली असून अलीकडच्या काळात तो दिवस किल्ल्यावर हेलियम दिन म्हणून साजराही होऊ लागला. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले जवळजवळ तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये. त्या वेळी तेथे जे हाती लागले, ते हेलियमइतके प्रसिद्ध नसले तरी कमी मोलाचे नव्हते.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील व्यवसायाने वैद्य आणि विज्ञानाचे हौशी अभ्यासक होते. घरात प्रयोगांचे वातावरण असले तरी लॉकियर यांच्या वाट्याला विद्यापीठाचे शिक्षण आले नाही. १८५७ मध्ये ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून नोकरीस लागले. दिवसा कचेरीतील कागद आणि रात्री विम्बल्डन येथील घरच्या बागेत दुर्बीण, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १८६२ मध्ये त्यांनी काढलेली मंगळाची रेखाचित्रे जाणकारांच्या नजरेत भरली. पण त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते वर्णपटाने.

१८५९ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी प्रत्येक मूलद्रव्याला प्रकाशाच्या रेषांची स्वतःची ओळख असते हे दाखवून दिले होते. ज्योतीत मिठाचा कण टाकला की सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा उमटतात. त्यांची जागा बदलत नाही, मग ती ज्योत स्वयंपाकघरातील असो वा सूर्याच्या पोटातील. त्यामुळे तेथवर न जाताही सूर्य कशाचा बनला आहे हे सांगता येऊ लागले. मात्र त्यासाठी रेषा दिसणे पुरेसे नव्हते. तिची जागा अचूक ठरवावी लागे.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. अरुंद फटीतून आलेला प्रकाश लोलकांच्या मालिकेतून जाऊन पसरतो आणि निरीक्षक छोट्या दुर्बिणीतून एकेक रेषा पाहून मोजपट्टीवरील आकडा टिपतो. परंतु तो आकडा स्वयंसिद्ध नसतो. फट रुंद झाली तर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात, हवा तापली तर काचेचे गुणधर्म बदलून सारा पटच किंचित सरकतो. म्हणून वर्णपटदर्शक दर वेळी ज्ञात रेषांशी ताडून घ्यावा लागतो. सोडियमची ज्योत किंवा लोखंडाच्या दोन टोकांमधील विजेची ठिणगी समोर ठेवायची, त्यांच्या परिचित रेषा कोणत्या आकड्यांवर येतात ते पाहायचे आणि मगच अनोळखी रेषेचे स्थान सांगायचे. आजच्या प्रयोगशाळेतील वर्णपट विश्लेषकालाही आधी ज्ञात संकेत देऊन तपासतात, ते याच कारणासाठी.

सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळा तोवर केवळ खग्रास ग्रहणातच दिसत. १८६६ च्या सुमारास लॉकियर यांनी असा विचार मांडला, की त्या तप्त वायूंच्या असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असणार. भरपूर लोलकांचे उपकरण लावले, तर आकाशाचा उजेड पसरून फिका पडेल आणि ज्वाळांच्या रेषा मात्र तशाच ठळक राहतील. मग ग्रहणाची वाट पाहण्याचे कारणच उरणार नाही. रॉयल सोसायटीमार्फत सरकारी अनुदानही मिळाले, पण उपकरण तयार होण्यास विलंब झाला. ते हाती आले १६ ऑक्टोबर १८६८ रोजी.

तोवर भारतातील ग्रहण होऊन गेले होते. १८ ऑगस्टची ती सावली कोकण आणि दक्षिण महाराष्ट्राच्या परिसरावरून पूर्वेकडे गेली. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी, तर गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्या रेषांचे तेज पाहून जान्सेन यांनाही लॉकियर यांच्याप्रमाणेच युक्ती सुचली आणि दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांना २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडमध्ये हेच यश मिळाले. दोघांची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा एकत्र असलेले पदक काढले.

या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या घाईत ती सोडियमची वाटणे स्वाभाविक होते. लॉकियर यांनी मात्र निवांतपणे तिची जागा सोडियमच्या जोडीशी ताडून पाहिली. सोडियमच्या रेषा आजच्या मापाने ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही नवी रेषा ५८७.६ वर होती. सर्वांत जवळच्या रेषेपासूनचे अंतर सुमारे १.४ नॅनोमीटर. एवढ्याशा फरकावर त्यांनी ती वेगळी ठरवली. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी हायड्रोजनवर प्रयोग केले. कोणत्याही दाबाला वा तापमानाला हायड्रोजन ती रेषा देईना. तेव्हा सूर्यावर पृथ्वीला अपरिचित असे द्रव्य असावे असे अनुमान निघाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले.

कारकुनी करणाऱ्या हौशी माणसाने केवळ एका रेषेवरून नवे मूलद्रव्य सांगावे, हे अनेक रसायनशास्त्रज्ञांना पटले नाही. लॉकियर यांचे काम मात्र थांबले नाही. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांनी नेचर हे साप्ताहिक सुरू केले आणि पन्नास वर्षे त्याचे संपादन केले. डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी ते प्रथमच भारतात आले आणि आजच्या केरळातील बेकल किल्ल्यावर त्यांनी निरीक्षणे केली. पुढे साऊथ केन्सिंग्टन येथील सौर वेधशाळेचे ते संचालक झाले.

हेलियमचा निकाल लागण्यास सत्तावीस वर्षे जावी लागली. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत पिवळी रेषा दिसली आणि तिची जागा सूर्यावरील रेषेशी जुळली. तेवढ्यात एक शंका निघाली. जर्मनीतील रुंगे यांना पृथ्वीवरील ही रेषा दुहेरी असल्याचे दिसले, सूर्यावरील रेषा मात्र एकेरी समजली जात होती. काही महिन्यांतच अधिक सामर्थ्याच्या उपकरणांनी सूर्यावरची रेषाही दुहेरी असल्याचे दाखवले आणि संशय फिटला.

पण लॉकियर यांचा स्वभाव जितका चिकाटीचा, तितकाच सिद्धान्तांच्या मागे धावणाराही होता. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. तेजोमेघांतील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्टीची कडा आहे, हा त्याचा एक मुख्य आधार होता. तशी ती असती तर एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाची ही रेषा तपासली. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ती बारीक आणि रेखीव होती. युरोप व अमेरिकेतील मोजमापेही लॉकियर यांच्या विरोधात गेली. हेलियमच्या वेळी ज्या काटेकोरपणाने त्यांना यश दिले, त्याच काटेकोरपणाने येथे त्यांचा सिद्धान्त निकालात काढला. १९२७ मध्ये ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे सिद्ध झाले.

अशा यशापयशांची शिदोरी घेऊन एकसष्ट वर्षांचे लॉकियर १८९८ च्या जानेवारीत विजयदुर्गाला पोहोचले. आदल्या वर्षीच त्यांना सर हा किताब मिळाला होता. मुंबई इलाखा तेव्हा प्लेगने ग्रासलेला होता. २२ जानेवारीच्या ग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनारा ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, तेव्हाच्या निजामी राज्यातील परभणीचा परिसर आणि पुढे विदर्भ अशी ईशान्येकडे जाणार होती. जेऊर येथे नायगमवाला यांनी आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेल यांनी तळ दिला होता. विजयदुर्गावर मेल्पोमिनी या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन, त्यांचे अधिकारी व खलाशी आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर लॉकियर यांच्या मदतीला होते. दूरवरून आणलेल्या उपकरणांना पाहणीसाठी मिळणार होती जेमतेम दोन मिनिटे. त्यामुळे प्रत्येकाचे काम ठरवून देऊन आधी रंगीत तालमी घेण्यात आल्या.

लॉकियर यांचा भर लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांवर होता. त्यांत फट नसते. ग्रहणात उरलेली सूर्याची बारीक कोरच फटीचे काम करते आणि प्रत्येक रेषा छायाचित्राच्या काचेवर कमानीसारखी उमटते. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाच्या रेषा कड्यासारख्या दिसतात. ओळखीच्या आणि अनोळखी रेषा एकाच काचेवर एकाच क्षणी येत असल्याने त्यांची एकमेकींशी तुलना करता येते.

प्रभामंडळातील हिरवी रेषा १८६९ च्या अमेरिकेतील ग्रहणात प्रथम दिसली होती. तेव्हापासून ती लोखंडाच्या एका ज्ञात रेषेच्या जागी, ५३१.७ नॅनोमीटरवर, असल्याचे मानले जात होते. १८९८ च्या विजयदुर्ग आणि जेऊर येथील कामावरून मात्र ती ५३०.३ च्या आसपास असल्याचे स्पष्ट झाले. फरक पुन्हा सुमारे १.४ नॅनोमीटरचाच. एकोणतीस वर्षे ग्रंथांतून चालत आलेली चूक या भूमीवर दुरुस्त झाली. ही रेषा ज्ञात द्रव्यांपैकी कोणाचीच नाही असे ठरल्याने कोरोनियम या काल्पनिक मूलद्रव्याची चर्चा आणखी वाढली. १९४० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी कोडे सोडवले. रेषा लोखंडाचीच होती, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. म्हणजे प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात होते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा आणि बाहेरचे आवरण इतके तप्त कसे, हा प्रश्न तेव्हापासून सूर्यशास्त्रज्ञांना गुंतवून आहे. रेषेची जागा चुकीचीच राहिली असती, तर तो प्रश्न उभाच राहिला नसता.

सौर वेधशाळा केंब्रिजला हलवण्याचा निर्णय लॉकियर यांना मानवला नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिडमथजवळ त्यांनी नवी वेधशाळा उभारली आणि तेथेच १६ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. तीव्र उष्णतेत मूलद्रव्ये विघटित होतात, या त्यांच्या आणखी एका मताची आयुष्यभर थट्टा झाली होती. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२० मध्ये, मेघनाद साहा यांचा आयनीभवनावरील निबंध प्रसिद्ध झाला. ज्या रेषांवरून लॉकियर यांनी ते अनुमान काढले होते, त्या इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या असल्याचे त्यामुळे उमगले. स्पष्टीकरण चुकले होते, निरीक्षण चुकले नव्हते.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला होणाऱ्या सोहळ्यामुळे मुलांना विज्ञानाची ओढ लागत असेल, तर त्यात वावगे काही नाही. हेलियमच्या कथेत गुंटूर आहे, जमखिंडी आहे आणि इंग्लंडमधील एक वेधशाळाही आहे. विजयदुर्गाची तारीख मात्र २२ जानेवारी १८९८ ही आहे आणि रेषा पिवळी नसून हिरवी आहे. १.४ नॅनोमीटरच्या फरकाला आयुष्यभर जपणाऱ्या माणसाचे स्मरण करताना तीस वर्षांचा फरक तरी नजरेआड होऊ नये. किल्ल्यावर दरवर्षी आणखी एक दिवस साजरा करण्याइतके मोल त्या हिरव्या रेषेलाही खचितच आहे.