महाराणी येसूबाई : ओलीस राहिलेली एकोणतीस वर्षे

दिल्ली आणि मराठे असे शब्द एकत्र उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे पानिपत उभे राहते, नाहीतर महादजी शिंदे. परंतु त्या दोहोंच्याही कितीतरी आधी एक मराठा राजस्त्री याच दिल्लीत वर्षानुवर्षे ओलीस म्हणून राहिली होती, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची स्नुषा, संभाजी महाराजांची पत्नी आणि शाहू महाराजांची माता महाराणी येसूबाई यांच्या चरित्रातील हा भाग शालेय पुस्तकांत दोन ओळींत आटोपला जातो.

येसूबाईंचे माहेर शृंगारपूरच्या शिर्क्यांचे. पिलाजीराव शिर्के हे त्यांचे वडील. पुढे त्याच शिर्के घराण्यातील मंडळी मोगलांना मिळाली. म्हणजे पतीचा पक्ष एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे, हे दुःख बंदिवासाच्या आधीच त्यांच्या वाट्यास आले होते. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचा क्रूर वध झाला. त्या वेळी शाहू अवघ्या सात वर्षांचे होते. गादीवर आपल्या मुलाचा हक्क असतानाही येसूबाईंनी धाकटे दीर राजाराम महाराज यांना पुढे केले, त्यांना रायगडाबाहेर पाठविले आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड झुल्फिकारखानाच्या हाती गेला आणि राजपरिवार बादशहाच्या छावणीत आला.

ही छावणी म्हणजे एक हिंडते शहरच होते. बादशहाच्या खास तंबूंभोवती गुलालबार नावाचे लाल कनातीचे कुंपण असे. त्याच्या आसऱ्याने या मायलेकरांचे डेरे पडत. शाहूंना सात हजारी मनसब व राजा ही पदवी मिळाली. मान होता, पहाराही होता. १६९५ ते १६९९ या काळात बादशहाचा तळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस होता. ब्रह्मपुरी पंढरपूरच्या खालच्या अंगास. विठोबाच्या पायांजवळून वाहत आलेले पाणी त्या डेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर होते. पंढरीस जाण्याची मोकळीक मात्र नव्हती. महाराष्ट्राच्या भूमीवरच महाराष्ट्राला पारखे होणे, ते हेच.

अशा स्थितीत धर्म टिकवायचा म्हणजे काय करावयाचे? तेथे देऊळ नाही, कुळाचार करावयास स्वतःचे घर नाही. उरते ते ताटातील अन्न, आणि मुलाच्या कानी पडणारे आईचे शब्द. शाहू शिजविलेले अन्न वर्ज्य करून फळे व मिठाई यांवर राहत असत, असे समकालीन फार्सी वृत्तांतावरून समजते. कैदेत असणाऱ्या हिंदूने शिजविलेले अन्न घेऊ नये, असा त्यामागचा नेम होता. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने ही गोष्ट पित्याच्या कानी घातली. तेव्हा, तुम्ही कैदेत नसून आपल्याच घरी आहात, जेवावे, असा निरोप बादशहाने पाठविला. निरोप प्रेमाचा खरा. पण घर कोणाचे, हे त्या मुलाला ठाऊक होते, आणि ते ज्यांनी त्याच्या मनावर बिंबविले त्या येसूबाईच असल्या पाहिजेत. झीनतुन्निसा बेगमेने या परिवाराला दिलेली माया मात्र मराठ्यांनी सदैव कृतज्ञतेने आठवली. दर्यागंजात तिने बांधविलेली झीनतुल मशीद आजही उभी आहे. दिल्लीत नोकरीनिमित्त असताना तिच्यावरून जाण्याचा प्रसंग अनेकदा आला, आणि दर वेळी या मायलेकरांची आठवण झाली.

खरी कसोटी १७०३ मध्ये आली. शाहू एकवीस वर्षांचे झाले होते. त्यांनी इस्लामचा स्वीकार करावा, अशी बादशहाची इच्छा हमीदुद्दीनखानाने त्यांना कळविली. शाहूंनी नकार दिला. ज्याच्या मुठीत आपला व आईचा जीव आहे, त्याला तोंडावर नाही म्हणणे सोपे नव्हते. बादशहाने ही गोष्ट ताणून धरली नाही. पण त्याच सुमारास सरसेनापती प्रतापराव गुजरांचे दोन पुत्र, खंडेराव आणि जगजीवन, यांनी धर्मांतर केले. राजाच्या धर्मासाठी त्यांनी आपला धर्म दिला, असे परंपरा सांगते.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकास थोडे थांबावेसे वाटते. शाहूंची निष्ठा अढळ राहिली याचा आपण अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये ज्यांच्या पित्याने देह ठेवला, त्या दोन भावांनी दिले ते काही कमी नव्हते. किंबहुना परत न मिळणारे तेच होते. शाहूंना याची जाणीव होती. राज्यावर आल्यावर त्यांनी गुजर बंधूंना इनाम देऊन सन्मानाने वागविले.

औरंगजेब मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ निवर्तला. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात नर्मदेपलीकडे दोराहा येथे शाहूंना मोकळे केले, परंतु आई, पत्नी व सावत्र बंधू मदनसिंग यांना अडकवून ठेवले. मुलगा दक्षिणेकडे वळला, आई उत्तरेस गेली. येसूबाईंनी या वेळी मुलाला थांबविले नाही. रायगडावर दिराला वाट करून दिली, येथे मुलाला. स्वतः मात्र दोन्ही वेळा मागे राहिल्या. दक्षिणेत येताच शाहूंनी खुल्दाबादेस औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, असे सांगतात. पित्याचा वध करविणाऱ्याच्या कबरीपुढे नम्र होणारा हा मुलगा, त्याच्यासाठी धर्म सोडण्यास मात्र तयार झाला नव्हता. येसूबाईंनी दिलेली शिकवण द्वेषाची नव्हती, एवढे यावरून निश्चित दिसते. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंना राज्याभिषेक झाला, तेव्हा माता दूर ओलीस होती.

पुढची बारा वर्षे दिल्लीतील. तख्तावर बादशहा येत होते, जात होते. येसूबाईंची सुटका कोणाच्याही काळात होत नव्हती. अखेर १७१८ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी सय्यद हुसेन अलीशी तह ठरविला. चौथाई, सरदेशमुखी यांबरोबर राजमातेची मुक्तता हे कलम त्यात होते. फर्रुखसियर बादशहाने तह मान्य केला नाही, म्हणून सय्यदांबरोबर मराठी फौज १७१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीस पोहोचली. फर्रुखसियर पदच्युत झाला, आणि त्या गोंधळात शहराच्या रस्त्यांवर दीड-दोन हजार मराठे मारले गेले. नाना फडणीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांतच पडले. या मोहिमेचा हिशेब सनदांच्या रकमांत मांडण्याची रीत आहे; त्या हिशेबात ही माणसेही धरली पाहिजेत.

मार्चअखेर फौज परतीस लागली. तिच्यात येसूबाईंची पालखी होती. रायगड सुटल्याला एकोणतीस वर्षे उलटून गेली होती. जुलैच्या आरंभी मंडळी साताऱ्यास पोहोचली. नर्मदेपलीकडे निरोप दिलेला पंचवीस वर्षांचा मुलगा आता सदतिसाव्या वर्षाचा पार गाठलेला छत्रपती होता. त्यानंतर सुमारे दहा वर्षे येसूबाई साताऱ्यास मुलाजवळ राहिल्या.